मेलच्या ढिगातला कोळसा

“हाऊ कोयसा मुका शे. लई जाय परत.”

खिडकीखाली अक्का हातगाडीवाल्याला सांगत होत्या. मी आत टेबलाशी पुस्तक उघडून बसले होते, पण वाचत नव्हते. हातगाडीवाला हसला.

“कोळसा मुका म्हणजे काय, अक्का? बोलणारा कोळसा कुठं मिळतो?”

“तुन्हा गाडीवर तर नहीच.”

अक्कांनी गाडीवरचे दोन तुकडे उचलले आणि एकमेकांवर आपटले. ढब असा आवाज आला. मग त्यांनी कोपरापर्यंत हात घालून तळातून दोन तुकडे काढले आणि तेही आपटले. या वेळी आवाज वेगळा होता, चिनीमातीच्या बशीवर चमचा लागावा तसा. त्यांनी तळातलाच कोळसा घमेल्यात भरून घेतला, आणि वरचा, मघाचा मुका, हातगाडीवाल्याने निमूटपणे आमच्या दारात ओतला. आई आत होती, मी बाहेर गेले नाही, आणि आमच्या वतीने बोलणारं कुणी नव्हतं.

गल्ली रिकामी झाल्यावर मी अंघोळीच्या बंबाशी जाऊन आमचा कोळसा वाजवून पाहिला. चारातले तीन तुकडे ढब म्हणायचे. एक फोडला तर आत राखाडी दगडाचे पातळ पापुद्रे होते. तेव्हा आमचा बंब तापायला एवढा वेळ का लागतो ते मला कळलं. माझ्या कुठल्याच पुस्तकात नसलेली गोष्ट मला समजली होती, आणि त्याचा आनंद मला जरा जास्तच झाला.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. आम्ही जळगावला रेल्वेलाइनच्या पलीकडच्या वस्तीत राहायचो. वडील सरकारी कचेरीत होते. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून नुकतीच कॉलेजात गेले होते. शाळेत इंग्रजी आणि घरात मराठी बोलायचे, गल्लीत बहुधा काहीच बोलायचे नाही. माझं मराठी पुस्तकी आहे असं मुली म्हणत, म्हणून मी मनात वाक्य पुरतं जुळवल्याशिवाय तोंड उघडत नसे. तोवर समोरचं माणूस निघून गेलेलं असे.

अक्का शेजारच्या घरात लेकीकडे राहायच्या. लेक दवाखान्यात नर्स होती. पौर्णिमेला आमच्याकडे बुद्धवंदना असे, तेव्हा अक्का पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी येऊन बसत. माझ्याशी बोलताना शहरी मराठी बोलत, राग आला किंवा गंमत वाटली की अहिराणीवर जात. त्यांनी तरुणपणी बरीच वर्षं रेल्वेच्या शेडमध्ये, म्हणजे इंजिनं उभी राहायची तिथं, कोळसा वाहिला होता एवढं मला माहीत होतं. मुक्या कोळशाबद्दल त्यांना विचारायला मला चार दिवस लागले.

“शेडमध्ये कोळसा यायचा तो सगळा मिसळलेला,” त्यांनी सांगितलं. “दगड त्यातच, भुकटी त्यातच. आम्ही बाया तो वेचायचो. डोळ्यांनी काय, सगळा बठ्ठा काळाच दिसतो. कानानं वेचायचा. बोलतो तो एका ढिगात, मुका दुसऱ्या ढिगात. बोलणारा ढीग मेलचा. त्यावर चुना शिंपडायचा, म्हणजे कुणी ढेकूळ काढलं तर काळा डाग दिसतो. बाकीचे ढीग उघडे. ते मालगाडीला, पॅसेंजरला, कुणालाही.”

“आणि मग?”

“मग काय! टोपलं डोक्यावर, फळीवरून वर, आणि इंजिनाच्या मागच्या टाकीत ओतायचं. मेलला मुका कोळसा चालायचा नाही बाई. नाकवाली होती ना ती.”

“नाकवाली?”

“इंजिनाला नाक होतं म्हणतात.”

“म्हणतात म्हणजे? तुम्ही पाहिलं नाही?”

“आम्ही मागं असायचो. नाक पुढं. पुढं जायला आमचं काय काम?”

त्याच महिन्यात मी आईबरोबर मावशीकडे धुळ्याला गेले. जळगावहून चाळीसगाव, तिथं गाडी बदलून धुळ्याची छोटी पॅसेंजर. ही वाट मी लहानपणापासून केली होती, पण इंजिनाकडे कधी पाहिलं नव्हतं. आपण डबा बघतो, जागा बघतो. या वेळी मी पुढं चालत गेले. चार-पाच जुनाट डब्यांच्या पुढं एक प्रचंड काळं इंजिन उभं होतं आणि त्याला खरंच नाक होतं. बाकीच्या वाफेच्या इंजिनांचं तोंड तव्यासारखं सपाट असायचं. हिचं तोंड बंदुकीच्या गोळीसारखं पुढं निमुळतं होत गेलेलं, टोकाला दिवा, आणि दिव्याभोवती रंग उडालेली चांदणी. एवढं मोठं यंत्र एवढ्याशा गाडीला जुंपलेलं पाहून मला हसू आलं. मग वाटलं, ही इथं कशी आली असेल?

शाळेत आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात परदेशातल्या एका चंदेरी, निमुळत्या आगगाडीवर धडा होता. तिचा वेग, तिच्या डब्यातल्या खुर्च्या, तिच्या खिडक्यांचे पडदे मला पाठ होते. परीक्षेत मी त्यावर पूर्ण गुण मिळवले होते. आणि ज्या रुळांच्या आवाजावर आमच्या घरातली भांडी हलायची त्यांच्यावरून कोण गेलं, हे मला माहीत नव्हतं.

गल्लीत समोरच्या बाजूला आबा राहायचे. एकटेच. मूळचे रावेरकडच्या केळीवाल्या घरातले, पण शेती भावांकडे सोपवून तरुणपणीच रेल्वेत शिरलेले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ओट्यावर बसून पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे, जाहिरातींसकट. धुळ्याहून परतल्यावर मी वाक्य जुळवलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

“आबा, मी चाळीसगावला नाकवालं इंजिन पाहिलं.”

त्यांनी पेपर खाली ठेवला. “कुणाला जोडलं होतं?”

“धुळ्याच्या पॅसेंजरला.”

“पॅसेंजरला,” ते म्हणाले. मग खाली ठेवलेल्या पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मला वाटलं, माझं काही चुकलं. “आम्ही डब्ल्यूपी म्हणायचो तिला,” शेवटी ते म्हणाले. “मी तिच्यावर फायरमन होतो. मेलवर.”

त्या हिवाळ्यात मी एक वही केली. आधी इंग्रजीत लिहायला घेतली, पण आबांचं बोलणं इंग्रजीत बसेना, म्हणून चार पानांनंतर मराठीत आले. त्या वहीतली नाकवालीची हकिगत अशी: स्वातंत्र्याच्या सुमारास पहिली नाकवाली इंजिनं बोटीतून परदेशाहून आली. पुढं ती इथंच बनू लागली. आपल्या भागात विजेच्या तारा यायच्या आधी मुंबईकडची मेल तीच ओढायची. ड्रायव्हर आणि त्याच्या हाताखाली दोन फायरमन अशी तिघांची जोडणी ठरलेली असे. माणसं आपलं इंजिन ओळखत, पितळ घासत, चांदणी दर दसऱ्याला नव्याने रंगवत. जळगावच्या फलाटावर मेल आली की दूधवालेसुद्धा कॅन खाली ठेवून बघत. मग तारा आल्या, डिझेल आलं, आणि नाकवाल्या सरकत सरकत लहान फाट्यांवर गेल्या.

नाक कशासाठी, याची तीन उत्तरं माझ्या वहीत आहेत. आबांचं पहिलं उत्तर: “हवा कापायला.” आठवड्याने दिलेलं दुसरं: “खरं सांगू? आपल्या वेगाला हवा कापायची गरजच नव्हती. रुबाब होता तो.” शेडमधला त्यांचा एक जुना सोबती भेटायला आला होता, त्याचं तिसरं: “आम्हाला छळायला! आतली राख काढायची तर आधी ते नाक उघडा. सपाट तोंडाची बरी.” यातलं कुठलं खरं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आग कशी करायची हे मात्र आबांनी मला करून शिकवलं. ओट्यावर एक खोकं आडवं ठेवलं, त्याला पुठ्ठ्याचं दार लावलं आणि माझ्या हातात केरभरणी आणि शेंगांची टरफलं दिली. खोकं म्हणजे इंजिनाची भट्टी. दार उघड, टाक, मिट. कोपऱ्यांत जाड थर, मध्ये पातळ. एका वेळी थोडं. दार उघडं राहिलं तर गार हवा शिरते, मध्ये ढीग झाला तर आग गुदमरते.

“आबा, पोरीला इंजिनवर लावता का काय?” जाणारे-येणारे विचारायचे.

“लावलं असतं. हिचा हात चांगला आहे. बोलत नाही, त्यामुळे लक्ष जात नाही.”

अक्का त्यांच्या दारातून ओरडायच्या, “टाक ना, टाक! लाजतेस काय? इंजिन लाजतं का?”

“अक्का, तुम्ही कोळसा पुरवा नुसता,” आबा म्हणायचे.

“भाऊ, आयुष्यभर तेच केलं. आता चहा पुरवते.” आणि त्या खरंच दोन कप आणून ठेवायच्या.

दोघं शेडमध्ये होते हे दोघांनाही माहीत होतं. पण कोळशावर कितीतरी बाया होत्या, तोंडावर पदर, अंगावर काजळी. इंजिनावरची माणसं वर, या खाली. कोण कुठल्या वर्षी होतं याची विचारपूस कधी झाली नव्हती. आबा शेडबद्दल माझ्याखेरीज कुणाशी फारसं बोलत नसत. त्याचं कारण मला एका दुपारी कळलं.

मी विचारलं होतं, “मेलवरून तुम्ही पुढं कुठं गेलात?”

आबा घरात गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात घडी पडून पिवळा झालेला एक टाइप केलेला कागद होता.

“तू इंग्रजी शाळेतली. हे मला सावकाश, एकेक शब्द वाचून दाखव. तेव्हा शेडच्या बाबूनं घाईत वाचला होता. काही राहिलं असेल तर कळेल.”

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. एका दिवशी मेल चाळीसगावच्या पुढं, नायडोंगरीच्या चढावर, वाफ पडल्यामुळे उभी राहिली. कारण, पहिल्या फायरमनने आग नीट राखली नाही. कोळशात दगड असल्याचं त्याचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही, कारण कोळसा मेलसाठी राखलेल्या ढिगातलाच होता, असं मुकादमाने आणि कोळसा भरणाऱ्या सहा स्त्री मजुरांनी लिहून दिलं आहे. सहा स्त्रियांचे अंगठे सोबत जोडले आहेत. फायरमनला मेलवरून काढून यार्डात शंटिंगला लावण्यात येत आहे.

“एवढंच?”

“एवढंच, आबा.”

“राहिलेलं काही नाही?”

“नाही.”

ते हसल्यासारखं करून म्हणाले, “शंटिंग म्हणजे डबे इकडून तिकडे ढकलायचे. पुढं मालगाडीवर ड्रायव्हरही झालो मी. पण नाकवालीवर पुन्हा पाय ठेवला नाही.” मग खोक्यातली टरफलं बोटाने सारखी करत बोलत राहिले. “चाळीसगावपर्यंत ठीक होतं. आधीच्या खेपेचा उरलेला कोळसा होता पुढच्या बाजूला, तो संपला. मग नवा आला. आग पांढरी असायला हवी, ती लाल झाली, मग काळवंडली. मी सळई घालून पाहिलं तर जाळीवर वितळलेला दगड चिकटलेला. खालून हवाच जाईना. मी तेव्हा सगळ्यांना ओरडून सांगितलं, कोळशात दगड आहे. मग हा कागद आला. सहा बाया! त्यांचं माझं वैर काय? त्या कशाला खोटं बोलतील? पहिलं वर्षभर मी म्हणत होतो त्या खोट्या. मग वाटायला लागलं, मीच मध्ये ढीग केला असेल, आग मीच मारली असेल, आणि नंतर डोळ्यांना दगड दिसायला लागले असतील. माणूस स्वतःला वाचवायला काहीही बघतो.”

मी कागद जुन्या घडीवरच मिटून डब्यात ठेवला.

“आता मला कुणाला शिक्षा नको, काही नको. एवढंच कळावं, हात चुकला होता की नाही.”

मी घरी येऊन ते सगळं वहीत लिहिलं आणि त्याखाली प्रश्नचिन्ह काढलं. तो प्रश्न सुटेल असं मला वाटलं नव्हतं. इतक्या जुन्या कोळशाची राखही कुठं उरली नव्हती.

पुढं महिना-दीड महिन्याने आमच्या घराला चुना लावायचा होता. मी अंगणात बादलीत चुना ढवळत होते आणि अक्का पायरीवर बसून चुकतंय कुठं ते सांगत होत्या. मध्येच त्यांना हसू आलं.

“चुना पाहिला की मला तो साहेब आठवतो.”

“कोणता साहेब?”

“मोठा कुणीतरी, तपासणीला आलेला. शेडमध्ये आठ दिवस नुसती झाडझूड. मुकादमाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं सकाळी उठून बठ्ठ्याच ढिगांवर चुना मारला. म्हणे, सगळं एकसारखं छान दिसलं पाहिजे. आम्ही आलो तर सगळे ढीग पांढरे! मेलचा कुठला, मुका कुठला, काही पत्ता नाही. तेवढ्यात मेलचं इंजिन येऊन उभं राहिलं. मुकादम म्हणाला, हा घ्या. घेतला.”

माझा हात बादलीत थांबला. “पण तुम्हाला तर कानानं कळतं.”

“कळलंच की.” अक्कांचं हसू मावळलं. “पहिलं टोपलं ओतलं तेव्हाच कळलं. ढब, ढब, ढब. आमच्यातली एक म्हणालीसुद्धा, अगं बाई, हा मुका. मुकादमानं डोळे वटारले. साहेब तिकडून येत होता. आज तोंड उघडायचं नाही, पदर नीट घ्यायचा, असं सकाळीच बजावलं होतं. मग ओतत राहिलो.”

“मग काय झालं?”

“काय होणार! मेलला उशीर झाला म्हणे कुठंतरी. एक-दोन दिवसांनी मुकादमानं कागद आणला आणि त्या पाळीतल्या आम्हा सहा जणींचे अंगठे घेतले.”

“कसला कागद?”

“कोळसा भरला म्हणून असेल. कशाला ना कशाला अंगठा लागायचाच. ढवळ ना गं, बसतोय बघ तो खाली.”

मी ढवळत राहिले. मला वाटतं, दुसरी एखादी मुलगी त्याच क्षणी धावत समोरच्या ओट्यावर गेली असती. मी गेले नाही. चूक निघाली तर? तपासण्या काय एकदाच होतात? सहा जणी काय एकाच पाळीत असतात? मी ठरवलं की आधी खात्री करायची. खरं म्हणजे बोलणं पुढं ढकलायला मला कारण हवं होतं.

दोन दिवसांनी मी आबांना विचारलं, “त्या दिवशी शेडमध्ये काही वेगळं होतं का?”

“का गं?”

“वहीत लिहायला.”

ते आठवू लागले. “साहेबाची तपासणी होती. जिकडे बघावं तिकडे चुना. रुळांच्या कडेचे धोंडेसुद्धा पांढरे. मी ड्रायव्हरला म्हटलं, उस्ताद, लवकर निघा, नाहीतर आपल्यालाही एक हात मारतील.” त्यांना ते आठवून हसू आलं, आणि लगेच ते थांबले, कारण त्या दिवसाची आठवण तिथं संपत नव्हती.

आता खात्री झाली होती आणि कारण उरलं नव्हतं. तरी मी तीन आठवडे गप्प राहिले. आबांना सांगायचं म्हणजे अक्कांचं नाव सांगायचं. समोरासमोर दारं, रोजचा चहा, ‘भाऊ’ आणि ‘अक्का’. माझ्या एका वाक्याने त्याचं काय होईल? न सांगावं तर आबांना मी रोज ओट्यावर पाहत होते. कधीकधी ते बसल्या बसल्या उजवा हात जरासा पुढं झोकायचे, फावडं मारल्यासारखा, आणि मग त्या हाताकडे बघत राहायचे.

मग आबांचा मुलगा धुळ्याहून आला. गुडघ्यांमुळे त्यांना आता एकटं ठेवणं शक्य नव्हतं. घर सोडायचं ठरलं, सामान टेम्पोने पुढं गेलं. मुलाला पुन्हा रजा मिळेना. तो धुळ्याच्या स्टेशनवर येणार होता. आई म्हणाली, “हिला सुट्टीच आहे, मावशीकडे जाईल. आबांना सोबत होईल.” माझी सोबत किती मुकी असते याची आईला कल्पना होती, म्हणून तिने बरोबर वाचायला दोन मासिकंही दिली.

निघायच्या आदल्या दुपारी मी अक्कांकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

“अक्का, तो अंगठ्यांचा कागद. तो तुम्हाला कुणी वाचून दाखवला होता?”

“कोण दाखवणार? इंग्रजीत होता.”

“तुम्हाला कसं कळलं इंग्रजीत होता?”

“वर रेघ नव्हती. आपली अक्षरं रेघेला लटकतात, ती सुटी सुटी होती.” त्यांनी सुपातून मान वर केली. “का गं?”

माझ्या डोक्यात तो कागद होता, सावकाश वाचलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून समोर, आबांच्या दाराकडे. तिथं बांधलेली वळकटी आणि ट्रंक ठेवलेली होती. सूप त्यांनी हळूच खाली ठेवलं.

“भाऊ होते का इंजिनवर?”

मी मान हलवली.

“आणि त्या कागदावरून…?”

मी पुन्हा मान हलवली. अक्का बराच वेळ तांदळात बोटं फिरवत राहिल्या. मला वाटलं, त्या आता उठून समोर जातील. पण त्या म्हणाल्या, “तूच सांग. गाडीत सांग. मी समोर असले तर त्यांना धड रागावताही यायचं नाही. माणसाला रागावू द्यावं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गल्लीच्या टोकापर्यंत आल्या, आबांच्या हातात भाकरीचा डबा दिला. आबा म्हणाले, “अक्का, धुळ्याला या.” त्या म्हणाल्या, “बघू. बोलावलं तर येईन.” आबा हसले. “बोलावलं म्हणजे? बोलावलंच ना आत्ता!” रिक्षा निघाली.

जळगाव सुटलं तेव्हा मी ठरवलं, पाचोऱ्यापर्यंत सांगायचं. बाहेर वेचणी झालेल्या कपाशीची रानं होती. मी वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत, मग दोन्ही खोडली. पाचोऱ्याला एक मोठं कुटुंब चढलं आणि आमच्या मध्ये एक बोचकं, एक आजीबाई आणि दुधाची कासंडी बसली. त्या आजीबाईंना आबांनी गुडघेदुखीवर कोणतं तेल चोळतात ते विचारलं आणि मग चाळीसगावपर्यंत तेलच चाललं. मला मनातून सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

चाळीसगावला धुळ्याची पॅसेंजर उभी होती. पुढं नाकवाली होती. तीच की तिची बहीण, मला सांगता आलं नसतं. आबांनी ट्रंक डब्यात ठेवायला लावली आणि काठी टेकत, गुडघे विसरून, फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले. मी मागून. इंजिनाशी पोचल्यावर ते नाकाकडे गेलेच नाहीत. मागच्या कोळशापाशी थांबले आणि धुराकडे बघत म्हणाले, “काळा. एकदम फार टाकतोय.”

वरून चाळिशीचा एक फायरमन घाम पुसत डोकावला. “काय बाबा, फोटो काढायचाय?”

“मी फायरमन होतो. हिच्यावर.”

“असं का! मग या ना वर.”

“गुडघे नाहीत आता. कोळसा कसा आहे रे?”

“कसला कोळसा! निम्मा दगड. बघा हा.” त्याने एक ढेकूळ आबांच्या पायापाशी टाकलं. “मिळतो तो टाकायचा. गाडी अडली तर आम्ही सरळ सांगतो, कोळसा खराब.”

“आणि ऐकतात?”

“न ऐकून काय करतील? सगळ्यांना माहीत आहे.”

आबा त्या ढेकळाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता, आणि तेच मला सहन झालं नाही.

“बघ, हा कसा सांगून मोकळा झाला. मीही सांगितलंच होतं म्हणा. पण सहा जणींचे अंगठे होते, पोरी. खोटे कसे असतील? हातच चुकला माझा. आता धुळ्याला गेलं की तो कागदाचा डबा टाकून देतो. एका गोष्टीवर किती वर्षं बसायचं? चुकला तर चुकला.”

गार्डने शिट्टी वाजवली. आबा डब्याकडे वळले आणि मी त्यांची बाही धरली. मी त्यांना कधी हात लावला नव्हता. ते थबकून माझ्याकडे बघायला लागले. कोणतंही वाक्य जुळवलेलं नव्हतं.

“आबा, त्या सहा अंगठ्यांतला एक आपल्या अक्कांचा आहे. त्या कागदात काय लिहिलंय ते त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मुकादमानं सगळ्याच ढिगांना चुना मारला होता, आणि त्यांना चुकीचा ढीग भरायला लावला. कोळशात दगड होता, आबा. तुमचा हात चुकला नव्हता.”